संगणकाची किंमत आणि संगणकाचा खर्च

२०२५ च्या डिसेंबरात एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षणासाठी जाण्याचा योग आला. परीक्षण आटोपल्यावर चहा घेताना मुख्याध्यापिकाबाईंनी एक कागद आमच्यापुढे सरकवला. ते एका विक्रेत्याचे दरपत्रक होते. शाळेतल्या वीसही संगणकांची ‘मुदत संपली’ असून ते बदलणे आवश्यक आहे, असे वर लिहिलेले आणि खाली आठ लाखांच्या घरातली रक्कम. “माजी विद्यार्थी निम्मे पैसे द्यायला तयार आहेत. बाकीचे उभे करावे लागतील. तुम्ही सांगा सर, घ्यावेत की नाही?” असे बाईंनी विचारले.

आम्ही संगणक कक्ष पाहायला मागितला. कक्षाला कुलूप होते, किल्ली कार्यालयात भाऊसाहेबांकडे होती आणि भाऊसाहेब पंचायत समितीत गेले होते. अर्ध्या तासाने दार उघडले. वीस यंत्रांपैकी बारा सुरू झाली, आठ झाली नाहीत. शाळेतले विज्ञानाचे सर हौशी होते. त्यांच्यासोबत आम्ही बंद यंत्रांची झाकणे उघडली. दोन यंत्रांत रॅमच्या पट्टीच्या टोकांवर मळ साचला होता. पेन्सिलीच्या खोडरबराने तो पुसल्यावर यंत्रे सुरू झाली. एकाची घड्याळाच्या बटणासारखी दिसणारी छोटी बॅटरी संपली होती. तिघांचा वीजपुरवठा करणारा डबा गेला होता आणि दोघांची हार्ड डिस्क. म्हणजे आठांपैकी तीन यंत्रे पन्नास-शंभर रुपयांत आणि तासाभरात सुधारण्याजोगी होती. ती किती दिवस बंद होती, ते कोणालाच नक्की सांगता आले नाही.

हा लेख त्या शाळेवर टीका करण्यासाठी लिहिलेला नाही. आमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत यापेक्षा फार वेगळे घडते असेही नाही. अनुदानातून आलेले एक महागडे उपकरण केवळ दुरुस्तीची तरतूद नसल्यामुळे आमच्याकडे दीड वर्ष झाकून पडले होते. टीका आहे ती आपल्या सर्वांच्या एका सवयीवर. आपण यंत्राची किंमत विचारतो, त्याचा खर्च विचारत नाही. किंमत एकदाच द्यावी लागते आणि ती दरपत्रकावर छापलेली असते. खर्च रोज होत असतो आणि तो कुठेच लिहिलेला नसतो.

मुदत कोणाची संपली?

प्रथम दरपत्रकावरच्या त्या दोन शब्दांकडे पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही संगणक प्रणाली जुलै २०१५ मध्ये बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. प्रणालीत सुरक्षेच्या दृष्टीने जे दोष सापडतात, ते बुजवणारी विनामूल्य दुरुस्ती कंपनीकडून येणे थांबले, एवढाच त्याचा अर्थ. घराचे कुलूप तेच राहते, पण त्याची किल्ली चोरांनी बनवली तर कुलूपवाला आता नवे कुलूप बसवून देणार नाही. इंटरनेटला जोडलेल्या आणि दहा जणांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या संगणकासाठी ही बाब गंभीर आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करावे असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु त्यावर उपाय एकच नाही. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण तर लागतेच, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या कोअर मालिकेत हा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. २०१६ साली घेतलेला सुस्थितीतला संगणक या चाळणीतून खाली पडतो. तो हळू चालतो म्हणून पडतो असे नाही, तर तो यादीत नाही म्हणून पडतो. अशा यंत्रांसाठी कंपनीनेच जादा मुदतीची सुरक्षा-दुरुस्ती विकत देण्याची सोय केली आहे. शैक्षणिक संस्थांसाठी तिचा जाहीर दर दर संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा आहे. वीस संगणकांना तीन वर्षांचे मिळून १४० डॉलर, म्हणजे सुमारे बारा-तेरा हजार रुपये. ही सोय शैक्षणिक परवाना-योजनेतून घ्यावी लागते. त्यासाठी थोडी कागदपत्रे करावी लागतील, पण आठ लाखांपुढे बारा हजार हा पर्याय आहे हे बाईंच्या कानावर कोणी घातलेच नव्हते. विक्रेता खोटे बोलला नाही. त्याने प्रश्नाचे एकच उत्तर दिले आणि ते त्याच्या दुकानातले होते.

दुसरा पर्याय मुक्त सॉफ्टवेअरचा. लिनक्सवर आधारलेल्या, परवाना शुल्क नसलेल्या आणि नियमित सुरक्षा-दुरुस्ती मिळणाऱ्या अनेक प्रणाली अशा यंत्रांवर चालतात. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, तर दहा वर्षांचा संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. हा खर्च दर यंत्रामागे अडीच-तीन हजार धरला, तरी वीस यंत्रांना तो पन्नास-साठ हजारांच्या पुढे जात नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संगणकाचे आयुष्य हा काही निसर्गनियम नव्हे. अमेरिकेतील शाळांत क्रोमबुक नावाचे स्वस्त संगणक मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. त्यांची सॉफ्टवेअरची मुदत यंत्र धडधाकट असतानाच संपते, म्हणून शाळांना ती टाकून द्यावी लागतात, असा अहवाल एप्रिल २०२३ मध्ये तेथील ‘यू.एस. पर्ग’ या ग्राहक संघटनेने प्रसिद्ध केला. या यंत्रांचे आयुष्य दुप्पट केले, तर देखभालीचा जादा खर्च नाही असे धरून अमेरिकेतील शाळांचे १.८ अब्ज डॉलर वाचू शकतील, असा तिचा हिशेब होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगल कंपनीने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. यंत्रातला एकही स्क्रू बदलला नाही, तरी त्याचे आयुष्य वाढले. जे निर्णयाने संपते ते निर्णयाने वाढूही शकते, पण त्यासाठी ग्राहकाने विचारावे लागते.

यंत्र येते, माणूस जातो

आपल्या देशात शालेय संगणकाचा इतिहास चार दशकांचा आहे. १९८४-८५ साली ‘क्लास’ या नावाने केंद्र सरकारचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. पुढे २००४ साली माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी अॅट स्कूल्स’ ही योजना आली. तिच्या अंमलबजावणीत अनेक राज्यांनी ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा’ ही पद्धत स्वीकारली. खाजगी संस्थेने शाळेत संगणक बसवायचे, निदेशक नेमायचा, साधारण पाच वर्षे कक्ष चालवायचा आणि मग सारे शाळेच्या स्वाधीन करायचे.

कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. पण पाचव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी नेमके काय हस्तांतरित होते, याचा विचार करा. पाच वर्षे झिजलेली यंत्रे शाळेला मिळतात आणि ती चालवणारा निदेशक कराराबरोबर निघून जातो. कोणत्या यंत्राची कोणती खोड आहे, कोणती तार सैल आहे आणि कोणता सांकेतिक शब्द कुठे टाकला आहे, हे ज्याला ठाऊक होते तोच माणूस जातो. यंत्राची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते, ज्ञानाची नोंद कोठेच होत नाही. आमच्या मते शाळांतल्या बहुतेक बंद संगणक कक्षांचे निदान या एका वाक्यात आहे.

आणि मग जडसंग्रहाची भीती. ज्या शिक्षकाच्या नावावर वीस संगणक आहेत, त्याला यंत्र बिघडले तर जाब द्यावा लागतो. यंत्र वापरले गेले नाही तर मात्र कोणी काही विचारत नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील. खोलीला कुलूप लावण्यात त्याचा आळस नाही, नियमांनी त्याला तेच शिकवले आहे. यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आहेत. आदल्या वर्षी हे प्रमाण ५७.२ टक्के होते. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु एका विद्यार्थ्याचे बोट आठवड्यात किती मिनिटे कळफलकावर पडले, हे अशा आकड्यांतून कळत नाही.

एक छोटेसे गणित

म्हणून आम्ही शिक्षक मित्रांपुढे एक वेगळे माप ठेवू इच्छितो: एका विद्यार्थ्याने एका संगणकावर घालवलेला एक तास. त्याला ‘संगणक-तास’ म्हणू. आता एका काल्पनिक शाळेचा हिशेब करू. आकडे आम्ही सोयीसाठी धरलेले आहेत. आपल्या शाळेचे आकडे घालून वाचकांनी तो पुन्हा करावा.

वीस संगणक, प्रत्येकी ४०,००० रुपये, म्हणजे ८ लाख. वायरिंग, टेबले, यूपीएस यांचे २ लाख. एकूण १० लाख. आयुष्य पाच वर्षे धरले तर वर्षाला २ लाख. चालू खर्चात दुरुस्ती व सुटे भाग ४०,०००, यूपीएसच्या बॅटऱ्यांचा वार्षिक वाटा १४,००० आणि इंटरनेट १०,००० रुपये. विजेचा हिशेब असा: पडद्यासह एका संगणकाला १०० वॅट धरले, तर वीस यंत्रांना २ किलोवॅट लागतात. रोज चार तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे १६०० युनिट. दर दहा रुपये धरला तर १६,००० रुपये. सारे मिळून वर्षाचा खर्च २,८०,००० रुपये.

पहिल्या शाळेत सर्व यंत्रे चालतात आणि कक्ष रोज चार तास उघडा असतो. वर्षाचे संगणक-तास झाले २० गुणिले ८००, म्हणजे १६,०००. एका तासाचा खर्च १७ रुपये ५० पैसे.

दुसऱ्या शाळेत तेच सामान आहे, पण आठ यंत्रे बंद आहेत आणि कक्ष आठवड्यातून तीन तास, असे ३५ आठवडे उघडतो. संगणक-तास झाले १२ गुणिले १०५, म्हणजे फक्त १,२६०. विजेचे १४-१५ हजार वाचले म्हणून खर्च २,६५,००० च्या आसपास आला. एका तासाला किती पडले? सुमारे २१० रुपये, म्हणजे पहिल्या शाळेच्या बारापट!

आता समजा, या दुसऱ्या शाळेला सारे सामान कोणा दात्याने फुकट दिले. दोन लाख वजा केले. तरी तासाला ५२ रुपये पडतात. कोणी म्हणेल, बंद यंत्रांवर दुरुस्तीचे पैसे तरी कशाला धरता? बरे, तेही ४०,००० वजा करू. तरीही तासाला २० रुपये होतात. म्हणजे फुकट मिळालेली, दुरुस्तीवर दमडीही खर्च न करणारी, पण कुलपात राहणारी प्रयोगशाळा ही दहा लाख मोजून घेतलेल्या आणि रोज चालणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा महागच पडते. आम्ही हा हिशेब प्रथम केला तेव्हा आकडेमोड चुकली असे वाटून पुन्हा तपासला. चूक नव्हती.

या गणितातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. खरी बचत छेदात आहे, अंशात नाही. स्वस्त यंत्र, फुकट सॉफ्टवेअर आणि देणगी यांनी अंश लहान होतो. वापर वाढला की छेद मोठा होतो. अंश कितीही घासला तरी तो शून्य होत नाही, पण छेद मात्र सहज शून्याकडे जातो.

केरळचा धडा आणि तीन हजार कोटी

शालेय संगणकाच्या बचतीचा विषय निघाला की केरळचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते योग्यच आहे. २००१ साली तेथे ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीचे व्यापारी प्रणालीचे वळण शिक्षक संघटनांच्या आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे पुढील काही वर्षांत बदलले आणि शाळांतले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आले. २०१७ साली या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१९ साली सुमारे दोन लाख संगणकांसाठी प्रणालीची नवी आवृत्ती काढताना काइटने सांगितले की, यामुळे राज्याचे ३,००० कोटी रुपये वाचले.

हा आकडा वर्तमानपत्रांतून खूप गाजला. पण तो आला कसा? प्रत्येक संगणकावरचे सारे सॉफ्टवेअर व्यापारी घेतले असते, तर दर यंत्रामागे किमान दीड लाख रुपये पडले असते, असे काइटने धरले. दोन लाख गुणिले दीड लाख, म्हणजे तीन हजार कोटी. गुणाकार बरोबर आहे. आमचा आक्षेप गृहीतकावर आहे. व्यापारी कंपन्या शाळांना बाजारभावाने सॉफ्टवेअर विकत नाहीत, पुष्कळ सवलतीत देतात. शिवाय चित्रफीत संपादन, भूगोलाचे नकाशे, प्राणिचित्रण इत्यादींची दीड लाखांची सॉफ्टवेअर कोणतेही राज्य सरकार प्रत्येक यंत्रासाठी विकत घेण्याची शक्यता नव्हती. जे आपण कधी घेतलेच नसते, ते न घेतल्याने वाचलेले पैसे ही बचत कशी म्हणावी? उद्या आम्ही हिऱ्यांचा हार घेतला नाही म्हणून पाच लाख वाचवले असे म्हणू, तर घरचे लोक हसतील!

मुक्त सॉफ्टवेअरच्या मित्रांना हे वाचून वाईट वाटेल. आम्हीही त्याच पक्षाचे आहोत. पण चांगल्या बाजूचा फुगवलेला आकडा हा त्या बाजूचाच तोटा करतो. त्यामुळे दुसऱ्या राज्यांचे अधिकारी समजतात की, लिनक्स घातले की पैसे वाचले. ते लिनक्स घालतात, शिक्षकांना एका दिवसाचे प्रशिक्षण देतात आणि वर्षभराने कक्ष पुन्हा कुलपात जातो.

केरळने खरोखर काय केले ते पाहा. प्रत्येक शाळेत एका शिक्षकाला आयटी समन्वयक केले. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडवले. माहिती तंत्रज्ञान हा विषय पाठ्यपुस्तकात आणि दहावीच्या परीक्षेत प्रात्यक्षिकासह आणला. प्रात्यक्षिक आहे म्हटल्यावर कक्ष उघडावाच लागतो. यंत्रे घेताना पाच वर्षांची हमी घेतली आणि तक्रार मुदतीत सोडवली नाही तर पुरवठादाराला दंड लावण्याची तरतूद केली. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने विद्यार्थ्यांचे गट उभे केले. त्यांच्या प्रशिक्षणात हार्डवेअरचाही समावेश आहे. यातल्या एकाही गोष्टीला परवाना शुल्काशी देणेघेणे नाही. या सर्व गोष्टी छेद वाढवणाऱ्या आहेत. मुक्त सॉफ्टवेअरने त्यांना मदत केली ती अशी की, शिक्षक स्वतः प्रणाली बदलू शकले, तिच्यात मलयाळम आणू शकले आणि तिची प्रत मुलांना घरी नेऊ देऊ शकले. हा लाभ तीन हजार कोटींच्या आकड्यात कोठेच धरलेला नाही, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा आहे.

याच्या उलट उदाहरण पेरू देशाचे. तेथे ‘मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेखाली लक्षावधी छोटे संगणक वाटण्यात आले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. संगणकांची संख्या प्रचंड वाढली होती, गणित आणि भाषा यांतील प्रगतीत मात्र फरक आढळला नाही. हे संगणक स्वस्त होते आणि त्यांवरचे सॉफ्टवेअरही मुक्त होते. याच योजनेचा एक प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या पाड्यावरच्या शाळेतही झाला होता. यंत्र स्वस्त केल्याने शिकणे आपोआप स्वस्त होत नाही.

काही रास्त शंका

“नोकरीत तर विंडोजच लागते, मग मुलांना दुसरे का शिकवायचे?” ही शंका पालकसभेत नेहमी येते. आठवीतला विद्यार्थी नोकरीला लागेपर्यंत आठ-दहा वर्षे जातात. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये गेला, विंडोज ७ चा २०२० मध्ये आणि विंडोज १० चा २०२५ मध्ये. ज्याने बटणाची जागा पाठ केली तो प्रत्येक वेळी अडला. ज्याला फाइल, फोल्डर, सूत्र आणि सारणी या कल्पना समजल्या तो कोठेही अडला नाही. अर्थात व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी ठराविक व्यापारी सॉफ्टवेअर लागत असेल, तर तीन-चार यंत्रे त्यासाठी जरूर ठेवावीत. यात सोवळे-ओवळे नको.

दुसरी अडचण मराठीची आहे आणि ती जास्त खरी आहे. शाळांतल्या कित्येक प्रश्नपत्रिका व दाखल्यांचे नमुने युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. तो फॉन्ट ज्या यंत्रात आहे तेथेच ते वाचता येतात, दुसरीकडे निरर्थक चिन्हे दिसतात. प्रणाली बदलताना हा साठा युनिकोडमध्ये आणण्याचे काम आधी करावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते कधीतरी करावेच लागणार.

तिसरी शंका आम्हालाच छळते. हे सारे करायचे कोणी? निवडणूक, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून वेळ काढून विज्ञानाच्या सरांनी शाळा सुटल्यावर यंत्रे दुरुस्त करायची, आणि आपण त्याला ‘बचत’ म्हणायचे, हे न्याय्य नाही. ही बचत नसून शिक्षकाच्या खिशातून काढलेला वेळ आहे. आणि त्या सरांची बदली झाली की सारे संपते. म्हणून कक्षप्रमुखाला आठवड्याच्या किमान दोन तासिका वेळापत्रकातच मोकळ्या द्याव्यात आणि त्याच्यासोबत दुसऱ्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून तयार करावे, हे आमचे आग्रहाचे मागणे आहे. दोन तासिकांची किंमत कोणत्याही वार्षिक देखभाल कराराशी ताडून पाहा.

काय करता येईल?

पहिली गोष्ट नोंदवही. जडसंग्रहाची नव्हे, वापराची. दर तासिकेला तारीख, वर्ग, चालू यंत्रे, बंद यंत्रे आणि बिघाडाचे लक्षण एवढे पाच रकाने पुरेत. आमच्या प्रयोगशाळांत प्रत्येक उपकरणाजवळ अशी वही असते. तिच्यामुळे बिघाड त्याच दिवशी कळतो आणि यंत्रे बिघडली तर ती वापरताना बिघडली याचा लेखी पुरावा राहतो. जाब विचारणाऱ्यापुढे ठेवायला याहून चांगले काही नाही.

दुसरी, सर्व यंत्रांवर एकसारखी मांडणी. एक संगणक नीट तयार करून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत बाह्य डिस्कवर ठेवावी. एखादे यंत्र बिघडले की तासाभरात तीच प्रत उतरवता येते आणि बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही. अशी प्रत काढणारी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात.

तिसरी, धूळ आणि वीज. सहामाही परीक्षेनंतर आणि वार्षिक परीक्षेनंतर, असे वर्षातून दोनदा ब्रश व ब्लोअरने यंत्रे साफ करावीत, पण त्याआधी वीज पूर्ण बंद करावी. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. वीजपुरवठ्याचे डबे वारंवार जात असतील, तर दोष यंत्रात नसून भिंतीतही असू शकतो.

चौथी, आठवी-नववीतल्या सहा-आठ मुलामुलींचा देखभाल गट. बंद यंत्र हे शिक्षणसाहित्यच आहे. एका बिघडलेल्या यंत्राचे सुटे भाग दुसऱ्याला लावून दोष शोधणे हा नियंत्रित प्रयोगाचा उत्तम धडा होय: एका वेळी एकच घटक बदला आणि काय होते ते पाहा! मात्र वीजपुरवठ्याचा डबा मुलांनी कधीही उघडू नये. त्यातली धारित्रे वीज काढल्यावरही भारित असू शकतात.

पाचवी, खरोखर निकामी झालेल्या यंत्रांचे रीतसर निर्लेखन करून ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांचा रोख तोच आहे. भंगारवाल्याकडे गेलेल्या संगणकातले शिसे कोणाच्या तरी अंगणातच उतरते. देण्यापूर्वी डिस्कवरची विद्यार्थ्यांची माहिती पुसायला विसरू नये.

आणि विक्रेत्यासाठी तीन प्रश्न: या यंत्राला सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल? सुटे भाग किती वर्षे मिळतील? तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येईल आणि न आल्यास काय? उत्तरे लेखी घ्यावीत.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. वीसपैकी सतरा संगणक चालू झाले आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून एसएसडी आणि बॅटऱ्या घेतल्या, उरलेले पैसे ठेव म्हणून ठेवले आणि तिचे व्याज दुरुस्तीला राखले. सहा यंत्रांवर लिनक्स घातले आहे, बाकीच्यांचा निर्णय सुट्टीत होईल. विज्ञानाच्या सरांना अजून एकच तासिका मोकळी मिळाली आहे. “आणि किल्ली?” आम्ही विचारले. “किल्ली अजून भाऊसाहेबांकडेच आहे, सर. तेवढा ठराव राहिलाय.”

वाचक शिक्षकांना विनंती की, येत्या महिन्यात आपापल्या शाळेचे संगणक-तास मोजावेत आणि वरचे गणित आपल्या आकड्यांनी करावे. उत्तर कितीही संकोच वाटण्याजोगे आले तरी ते आम्हाला कळवावे. आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या झाकलेल्या उपकरणाचा ताशी खर्च आम्हीही काढत आहोत.